विहिरीत पोहायला शिकलेल्याने आठ दिवसांत स्कुबाची दोन कार्डं करावीत का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला देतोय ते स्पष्ट राहील. तुम्ही पाचोऱ्याजवळचे, वय 38, बँकेत नोकरी. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलात. दिवाळीनंतर घरापासून घरापर्यंत आठ दिवसांची रजा मिळतेय. तेवढ्यात अंदमानला जाऊन स्कुबाची, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाण्याची, ओपन वॉटर (पहिलं) आणि ॲडव्हान्स्ड (त्यापुढचं) ही दोन्ही प्रमाणपत्रं, म्हणजे कार्डं, होतील का, की खर्च वाचवून मालवणलाच करावं, हा तुमचा सवाल. जाता जाता बीपीची एक गोळी सुरू असल्याचंही लिहिलंत, आणि वहिनींना पोहता येत नाही पण त्यांनाही पाण्याखालचं जग बघायचंय.

मी चोपडा तालुक्यातला. मीही पाठीला डबा बांधून विहिरीतच शिकलो. गेली बरीच वर्षं ऑक्टोबर ते मे अंदमानात शिकवतो. म्हणून तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच दिसली: तुम्ही दिवस मोजताय, पण खरी अडचण दिवसांची थोडी आणि तयारीची जास्त आहे. अर्धं काम पाचोऱ्यात बसून करून निघालात तर समुद्रातले दिवस पुरतात. सगळं तिथं जाऊन करायचं म्हटलं तर एका कार्डालाही ओढाताण होते.

आधी दिवसांचाच हिशोब करू. पहिली रात्र मुंबईच्या गाडीत. दुसऱ्या दिवशी विमानाने श्रीविजयपुरम, म्हणजे आपलं जुनं पोर्ट ब्लेअर. त्याच दिवशी पुढची फेरीबोट मिळेल असं धरून तिकीट काढू नका, विमानाला उशीर झाला की सगळं कोलमडतं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक, जिथं कोर्स करायचा ते बेट; फेरी कुठली त्यावर दीड ते अडीच तास. दुपारी कागदपत्रं, सामानाची मापं. परतीचंही असंच: शेवटच्या डाइव्हनंतर (डाइव्ह म्हणजे सिलिंडर घेऊन मारलेली एक बुडी) विमानात बसायला थांबावं लागतं. अनेक दिवस सलग डाइव्ह केल्यावर किमान 18 तास, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना पूर्ण 24 तास सांगतो. शिवाय परतीची फेरी, मग विमान, मग रात्रीची गाडी. आठातून हे वजा केलं की पाण्यासाठी हातात उरतात तीन दिवस, फार तर साडेतीन.

आता कोर्स. ओपन वॉटरचे तीन भाग असतात: अभ्यास आणि परीक्षा, पूलमधले किंवा उथळ शांत पाण्यातले सराव, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या नियमाने एका दिवसात प्रशिक्षणाच्या तीनपेक्षा जास्त डाइव्ह करता येत नाहीत, म्हणजे समुद्राला कमीत कमी दोन दिवस. सगळं एकाच जागी केलं तर तीन ते चार दिवस जातात. ॲडव्हान्स्डच्या आणखी पाच डाइव्ह, म्हणजे अजून दोन दिवस. हे तुमच्या साडेतीनात बसत नाही. बसवून देतो म्हणणारा कोणी भेटला, तर तो नक्की काय कापणार आहे हे त्याला विचारा.

पण यावर चांगला मार्ग आहे. अभ्यासाचा भाग ऑनलाइन, मोबाईलवर होतो. रोज संध्याकाळी तासभर दिलात तर दोन-तीन आठवड्यांत आरामात संपतो. पूलचा भाग मुंबई-पुण्यातल्या एखाद्या केंद्रात दोन सलग सुट्ट्यांत उरकता येतो. ते तुम्हाला रेफरलचा कागद देतात. तो साधारण वर्षभर चालतो आणि तो दाखवून फक्त समुद्रातल्या चार डाइव्ह दुसऱ्या ठिकाणी करता येतात. दोन्ही केंद्रं एकाच संस्थेची असली, म्हणजे दोन्ही पाडीची किंवा दोन्ही एसएसआयची, तर कटकट कमी. अंदमानच्या केंद्राला हे आधी फोनवर सांगून ठेवा. काही जण रेफरल विद्यार्थ्यालाही पहिल्या दिवशी पूलमधले दोन-चार सराव परत करायला लावतात. ते चांगलं लक्षण समजा.

आता ज्या विषयावर मला खरं बोलायचंय तो. विहीर.

आपल्याकडचा विहिरीत शिकलेला माणूस पाण्याला भीत नाही. काठावरून सूर मारतो, मुटका मारतो, पैज लावून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर येतो. शहरातल्या पूलमध्ये शिकलेल्यांपेक्षा तो पहिल्या दिवशी कितीतरी मोकळा वाटतो. पण ह्याच माणसाच्या अंगात दोन सवयी इतक्या मुरलेल्या असतात की समुद्रात त्या घातक ठरू शकतात. पहिली, श्वास कोंडून धरणं. दुसरी, कान दुखले तरी सोसणं.

विहिरीत बुडी मारताना श्वास कोंडावाच लागतो, आणि त्याने काही बिघडत नाही. वर घेतलेली हवा खाली गेल्यावर दाबली जाते आणि वर येताना पुन्हा मूळच्या आकाराची होते. स्कुबामध्ये मात्र तुम्ही खालच्या दाबाचीच हवा सिलिंडरमधून आत घेता. 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथं छातीभर घेतलेला श्वास कोंडून वर आलात तर तो दुप्पट जागा मागतो, आणि फुफ्फुसात ती जागा नसते. त्यासाठी फार खोलही जावं लागत नाही. भरल्या छातीने श्वास कोंडून जेमतेम दीड मीटर वर आलं तरी फुफ्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून स्कुबाचा पहिला नियम: श्वास कधीच कोंडायचा नाही. तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण) असेल तर सावकाश घेत-सोडत राहायचं, आणि तो तोंडातून निघाला असेल तर तोंडाने बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

वाचायला हे सोपं वाटतं. माझ्या स्वतःच्या कोर्समध्ये सहा मीटरवर मास्कमध्ये अचानक पाणी शिरलं. त्या क्षणी मी वाचलेलं काहीही आठवलं नाही. शरीराने विहिरीतलं तेच केलं: श्वास बंद, पायाने जोरात रेटा आणि थेट वर. माझ्या इन्स्ट्रक्टरने बीसीडीचा, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटचा, पट्टा पकडून मला जागेवर धरून ठेवलं आणि मी श्वास सोडेपर्यंत स्वतः बुडबुडे सोडून दाखवत राहिला. बोटीवर आल्यावर तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तुला पाण्याची भीती नाही, म्हणून तुझ्यावर जास्त लक्ष ठेवावं लागेल." तेव्हापासून नदी-विहिरीवाला विद्यार्थी आला की मी त्याला मास्कच्या सरावाला दुप्पट वेळ देतो.

तुम्ही हे आतापासून करू शकता, आणि जरूर करा. पोहण्याच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात, कुणाला तरी सोबत उभं करून, मास्क न घालता तोंडात फक्त स्नॉर्कल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, धरा. चेहरा पाण्यात घालून तोंडाने श्वास घ्या-सोडा. सुरुवातीला नाकातून पाणी ओढलं जाईल. दहा-पंधरा मिनिटांत नाक बंद ठेवून तोंडाने श्वास घेणं शरीराला समजायला लागतं. आठवडाभर हे केलंत तर मास्क काढून परत घालण्याचा सराव, जिथं सगळ्यात जास्त लोक अडकतात, तुम्हाला जड जाणार नाही.

त्याच तलावात अंतरही मोजा. कोर्ससाठी न थांबता 200 मीटर पोहावं लागतं, वेळेचं बंधन नाही, आणि 10 मिनिटं तरंगत राहावं लागतं. विहिरीत आपण गोल-गोल फिरतो, अंतर कुणी मोजलेलं नसतं. 25 मीटरच्या तलावात आठ फेऱ्या. हात किती वेगाने मारता याला इथं किंमत नाही, दम सांभाळण्याला आहे.

आता कान. विहिरीत तीन-चार मीटरवर कानात कळ येते, आपण दात आवळून खाली जातो, गाळ उचलतो आणि वर येतो. दोन सेकंदांचा मामला. स्कुबात तुम्ही त्या खोलीवर अर्धा-पाऊण तास राहणार. कळ यायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, आणि उतरताना दर अर्ध्या-एक मीटरला हे करत राहायचं. कान मोकळा झाला नाही तर थोडं वर यायचं, पुन्हा करायचं. जोर लावायचा नाही, जोराने आतल्या कानाला इजा होते. दाबात सगळ्यात जास्त फरक पहिल्या 10 मीटरमध्येच पडतो, त्यामुळे "उथळच तर आहे" हे समाधान इथं उपयोगाचं नाही. डोकं खाली करून सूर मारल्यासारखं उतरायचीही सवय मोडा. पाय खाली, डोकं वर ठेवून दोराला धरून उतरलं की कान सहज मोकळे होतात.

सर्दीबद्दल माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका विद्यार्थ्याला थोडी सर्दी होती, दोन दिवसांनी त्याचं विमान होतं आणि कोर्सची एकच डाइव्ह उरली होती. त्याने आग्रह धरला, नाक मोकळं करणारी गोळी घेतली, आणि मी हो म्हटलं. खाली ठीक चाललं होतं, पण गोळीचा परिणाम पाण्यातच उतरला. वर येताना हवा अडकली, मास्कमध्ये रक्त आलं, आणि पुढे काही आठवडे त्याला एका कानाने कमी ऐकू येत होतं. कार्ड मिळालं, पण मी त्याला नाही म्हणायला हवं होतं. दिवाळीनंतर आपल्याकडे पहाटेचा गारवा, कापूस वेचणीची धूळ, घरोघरी सर्दी. म्हणून एक मोकळा दिवस हातात ठेवा म्हणतो. ज्या प्रवासात मोकळा दिवस नसतो, तिथं विद्यार्थी आणि शिक्षक दोघांच्याही तोंडून "चालतंय" निघतं.

बीपीच्या गोळीवर तुम्ही एक ओळ लिहिलीत. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातली ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. कोर्सआधी एक वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. दमा, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, कानाची शस्त्रक्रिया आणि नियमित सुरू असलेली औषधं, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. तुमचं एक उत्तर 'हो' येणार, आणि ते आलं की डॉक्टरांची लेखी संमती लागते. बीपी नीट आटोक्यात असलेल्या अनेकांना डॉक्टर परवानगी देतात. ते गोळी कोणती आहे, तुमचा दम किती आहे यावर ठरेल, ते मी ठरवू शकत नाही. पण हा कागद निघण्याआधी घ्या. फॉर्म संस्थेच्या वेबसाइटवर मिळतो. तुमच्या फिजिशियनना दाखवा, 18 मीटरपर्यंत जाणार हे सांगा, त्यांची सही घ्या. बेटावर ऐनवेळी असा डॉक्टर शोधण्यात दिवस जातो, आणि बिनसहीचं आम्ही पाण्यात नेत नाही. इतक्या लांबून आलेला माणूस तिथं 'नाही' लिहून मोकळा होतो हेही मी पाहिलंय. कृपा करून तसं करू नका. खाली काही झालं तर सोबतच्या माणसाला तुमच्या आजाराचा पत्ताच नसतो.

आता ॲडव्हान्स्ड. नाव ऐकून ती वरची परीक्षा वाटते, पण त्यात पाच वेगवेगळ्या अनुभवांच्या डाइव्ह असतात. त्यातली एक खोल आणि एक दिशा ओळखण्याची, या दोन सक्तीच्या. ती केल्यावर 18 ऐवजी 30 मीटरपर्यंत जाता येतं. नियमाने ओपन वॉटर संपलं की लगेच करता येते. (एसएसआयमध्ये 'ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर' नावाच्या कार्डाला चार स्पेशालिटी (एकेका विषयाचे कोर्स) आणि 24 डाइव्ह लागतात. पाडीच्या ॲडव्हान्स्डशी जुळणारा त्यांचा कोर्स 'ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर'. चौकशी करताना हा फरक लक्षात ठेवा.)

तरी मी तुम्हाला याच सहलीत ती करू नका म्हणतोय, आणि कारण हवेच्या हिशोबात आहे. 11 लिटरचा सिलिंडर 200 बारला (बार हे दाबाचं माप) भरला की त्यात साधारण 2200 लिटर हवा. 50 बार राखीव ठेवले की वापरायला 1650. नवा माणूस पृष्ठभागावर मिनिटाला 25 लिटर सहज ओढतो. 10 मीटरवर दाब दुप्पट म्हणून 50 लिटर, हवा पुरते 33 मिनिटं. 30 मीटरवर दाब चौपट म्हणून 100 लिटर, हवा पुरते साडेसोळा मिनिटं, आणि त्यातच उतरणं-चढणं आलं. शिवाय पाडीच्या तक्त्याप्रमाणे 18 मीटरवर 56 मिनिटं थांबता येतं, 30 मीटरवर फक्त 20. त्या खोलीवर नायट्रोजनची गुंगी चढायला लागते, गेज वाचायलाही वेळ लागतो. ज्याला अजून एका जागी न हलता तरंगता येत नाही, दर दोन मिनिटांनी हात मारावे लागतात, त्याच्यासाठी ही साडेसोळा मिनिटं फार कमी आहेत. दहा-बारा साध्या डाइव्ह झाल्या की तोच माणूस मिनिटाला 16-18 लिटरवर येतो, आणि मग खोल डाइव्हमध्ये त्याला खरंच काही शिकता येतं. अपवाद असतात. चौथ्या डाइव्हला तुम्ही शांत दिसलात, श्वास सावकाश झाला, आणि हातात दोन दिवस उरले, तर तुमचा इन्स्ट्रक्टर स्वतः सुचवेल. पैसे आधी भरून ठेवू नका एवढंच.

म्हणजे तुमच्या आठ दिवसांचं चित्र असं होतं: अभ्यास, पूल आणि डॉक्टरांची सही घरूनच. हॅवलॉकला पहिले दोन दिवस कोर्सच्या चार डाइव्ह, तिसरा दिवस मोकळा. कान-हवामान साथ देत असेल तर त्या दिवशी सकाळी दोन साध्या डाइव्ह, नसेल तर राहिलेली पूर्ण करायला.

एक विनंती तारखांबद्दल. दिवाळीनंतरचा काळ चालतो, पण नोव्हेंबर-डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे आणि वादळं येतात, फेऱ्या रद्द होतात. मार्च एंडचं काम उरकून एप्रिलमध्ये रजा मिळत असेल तर समुद्र जास्त शांत असतो, आणि रेफरलची तयारी करायलाही हिवाळा मिळतो. आपल्याकडे तेव्हा जळगावचं ऊन तापलेलं असतं, त्यामुळे गाडीत आणि विमानात पाणी भरपूर प्या. शरीर सुकलेलं असणं डाइव्हिंगला वाईट. बोट लागण्याचाही विचार करा. आपण समुद्राच्या बोटीत फारसे बसलेलो नसतो. गोळी डॉक्टरांना विचारून घ्या आणि आधी एकदा घरी घेऊन बघा, झोप किती येते ते कळेल. डाइव्हच्या सकाळी तिखट-तेलकट नको, केळी आणि पोळी पुरे. प्रवास विमा काढताना त्यात स्कुबा आहे का आणि किती मीटरपर्यंत, ते वाचूनच पैसे भरा.

वहिनींसाठी पोहणं यायची गरज नाही, पण कोर्स नाही. त्यांच्यासाठी डिस्कव्हर स्कुबा असतं: थोडा उथळ सराव, मग इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ धरून नेतो. कार्ड मिळत नाही. वैद्यकीय फॉर्म त्यांनाही भरायचाय, आणि त्यांना नको वाटलं तर पाण्यातून परत यायची मोकळीक त्यांच्याकडेच राहू द्या. फोटोसाठी आग्रह करू नका.

राहिलं मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ दहा-पंधरा मिनिटं पाण्याखाली नेतात, त्यालाही लोक "स्कुबा केलं" म्हणतात. ते वरच्या डिस्कव्हरसारखं, कार्डाचा कोर्स नव्हे. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कुबाची संस्था आहे, तिथं कोर्सची चौकशी जरूर करा. पाणी अंदमानइतकं स्वच्छ नसतं, अनेकदा थोड्याच मीटरपलीकडचं दिसत नाही. पहिल्यांदा शिकताना त्याने घाबरायला होतं, म्हणून पहिल्या चार डाइव्ह मी अंदमानातच सुचवतो. पण मालवण तुमच्या यादीतून काढू नका. कार्ड घेऊन तुम्ही पाचोऱ्याला परत याल, तिथं समुद्र नाही, आणि सहा-आठ महिने पाण्यात उतरला नाहीत तर हात विसरतात. त्या वर्षातच दोन दिवस मालवणला ठेवा. पहिल्या दिवशी तिथल्या इन्स्ट्रक्टरला स्पष्ट सांगा की नवा आहे, बरेच महिने उतरलो नाही, आधी उथळात उजळणी करू.

आणि मालवणहून निघताना एक काळजी. विमान नाही म्हणून लोक शेवटची डाइव्ह करून ओल्या कपड्यांनीच गाडीत बसतात आणि आंबोली घाट चढतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. विमानासाठी थांबण्याचा जो सल्ला आहे तो साधारण सहाशे मीटरपासूनच्या उंचीला लागू धरला जातो, म्हणजे शरीराच्या दृष्टीने हाही छोटा विमानप्रवासच. शेवटच्या डाइव्हनंतर एक रात्र आणि पुढची सकाळ खालीच काढा, मासे खा, झोपा, आणि 18 तास झाले की मग घाटाला लागा.